धरणीकंप आणि चुंबकीय वादळांचा टिपणकार

सूर्यावर उसळणारी वादळे, भूकंप आणि ज्वालामुखी यांवर आज जगभरच्या वेधशाळा अहोरात्र नजर ठेवून असतात. अनेक देशांनी मिळून, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या पद्धतीने पृथ्वीची नाडी मोजावी, हा विचार ज्याच्या आग्रहाने रुजला त्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाची ही जीवनकथा. तिचा एक धागा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत येऊन पोहोचतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली पेंग्विन आले आणि ‘हम्बोल्ट’ हे नाव हजारो मुंबईकरांच्या तोंडी झाले. पेंग्विनच्या या जातीला ते नाव मिळाले दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड सागरी प्रवाहावरून, आणि त्या प्रवाहाला मिळाले त्याचे तापमान मोजणाऱ्या एका जर्मन प्रवाशावरून. पर्वत, नद्या, वनस्पती, प्राणी, इतकेच काय चंद्रावरचे एक मैदानही या माणसाच्या नावाने ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात त्याच्याइतकी कीर्ती फार थोड्यांच्या वाट्याला आली होती. मात्र त्याच्या आयुष्यातील सर्वांत चिवट काम कीर्तीच्या या झगमगाटात काहीसे झाकले गेले. पायाखालची जमीन आणि डोक्यावरचे आकाश या दोहोंत काय घडते आहे, याची एकाच नोंदवहीत, घड्याळाच्या ठोक्यावर आणि न कंटाळता नोंद करीत राहणे हे ते काम होय.

अलेक्झांडरचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका सधन प्रशियन घराण्यात झाला. वडील लष्करी अधिकारी होते आणि पुढे राजदरबारी मानकरी झाले. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. आई करड्या शिस्तीची. अलेक्झांडर आणि त्याचा दोन वर्षांनी थोरला भाऊ विल्हेल्म यांचे शिक्षण तिने निवडक शिक्षकांकडून घरीच करवून घेतले. विल्हेल्म पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. बर्लिनच्या विद्यापीठाची स्थापना त्याच्या पुढाकाराने झाली आणि संस्कृत शिकून भगवद्गीतेवर त्याने बर्लिनच्या अकादमीत व्याख्याने दिली. धाकट्याचा ओढा मात्र दगड, झाडे आणि दूरदेश यांच्याकडे होता. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या जगप्रवासात सहभागी झालेल्या गेओर्ग फोर्स्टरबरोबर त्याने १७९० साली इंग्लंड आणि फ्रान्सचा प्रवास केला, आणि समुद्रापलीकडच्या देशांचे वेड कायमचे डोक्यात भरले.

आईच्या इच्छेखातर त्याने सरकारी नोकरीची वाट धरली. फ्रायबर्ग येथील खाणशाळेत तो आब्राहाम वेर्नर या नामवंत भूशास्त्रज्ञाचा विद्यार्थी झाला. पृथ्वीवरील बहुतेक खडक एका आदिम महासागरात साका बसून तयार झाले, असे वेर्नरचे मत होते. ज्वालामुखी म्हणजे जमिनीखालील कोळशाच्या थरांना लागलेल्या आगींचे स्थानिक प्रकार, असे त्याच्या पंथात मानले जाई. हम्बोल्टने हे शिक्षण मनःपूर्वक आत्मसात केले. १७९२ पासून पाच वर्षे तो प्रशियाच्या खाणखात्यात अधिकारी होता. खाणकामगारांची मुले शिकावीत म्हणून त्याने पदरमोड करून शाळा काढली. विषारी वायूंपासून बचाव करणारे श्वसनयंत्र आणि खाणीत न विझणारा दिवा त्याने तयार केला. या दिव्याची परीक्षा घेताना तो स्वतः खाणीत बेशुद्ध पडला होता. १७९६ मध्ये एका डोंगराजवळून जाताना होकायंत्राची सुई भलतीकडेच वळत असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्या डोंगराच्या खडकातच चुंबकत्व होते. भूचुंबकत्वाची ही गोडी पुढे आयुष्यभर सुटली नाही.

त्याच वर्षी आईचे निधन झाले आणि मोठी संपत्ती हाती आली. हम्बोल्टने नोकरी सोडली आणि त्या पैशाचे रूपांतर उपकरणांत आणि प्रवासात करायचे ठरवले. पॅरिसमध्ये एमे बाँप्लां हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला भेटला. दोघांनी माद्रिद गाठले, आणि परकीयांना सहसा न मिळणारा स्पॅनिश वसाहतींचा परवाना मिळवला. ५ जून १७९९ रोजी त्यांचे जहाज ला कोरुन्याहून निघाले. बरोबर वायुभारमापके, तापमापके, कोनमापके, कालमापके यांचा मोठा साठा होता. त्यात एक नाजूक वर्तुळाकार यंत्रही होते. चुंबकसूची क्षितिजाखाली किती अंशांनी झुकते, म्हणजे तिची ‘नती’ किती, हे त्यावर मोजता येई. डोंगरदऱ्यांतून, होड्यांतून आणि खेचरांच्या पाठीवरून पाच वर्षे ही सामग्री फिरली.

१६ जुलै १७९९ रोजी ते आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना या बंदरात उतरले. हे गाव १७९७ च्या भूकंपात जवळजवळ उद्ध्वस्त झाले होते. लोक घरे पुन्हा उभारीत होते. ४ नोव्हेंबरच्या दुपारी आकाश अंधारून आले, वीज कडाडली आणि पाठोपाठ जमिनीला धक्के बसले. लोक किंचाळत रस्त्यावर धावले. हम्बोल्टने आयुष्यात अनुभवलेला हा पहिलाच मोठा धरणीकंप. ज्या जमिनीला आपण लहानपणापासून अचल मानत आलो तीच हलू शकते, हा अनुभव माणसाच्या मनाचा किती खोलवर थरकाप उडवतो, यावर त्याने पुढे विस्ताराने लिहिले. पण त्या दिवशी त्याने केले ते असे, की तो आपल्या यंत्रांकडे वळला. वायुभारमापकातील पारा उष्ण कटिबंधात दिवसातून दोनदा नियमाने चढतो आणि उतरतो. भूकंपाने त्या लयीत फरक पडला नव्हता. चुंबकसूची ज्या दिशेला रोखलेली असते तीही बदलली नव्हती. तिची नती मात्र भूकंपापूर्वीच्या मोजणीपेक्षा थोडी कमी भरली. त्यानंतर आठवडाभरातच, १२ नोव्हेंबरच्या पहाटे, कुमानाच्या आकाशात हजारो उल्कांचा वर्षाव झाला. दरवर्षी नोव्हेंबरात दिसणाऱ्या सिंह राशीतील उल्कांचा हा एक असामान्य वर्षाव होता, हे त्या वेळी कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते.

भूकंप, वादळ, चुंबकसूचीतला फरक आणि उल्कांचा पाऊस, हे सारे जेमतेम आठ दिवसांत. या घटना एका सूत्रात ओवण्याचा मोह कोणालाही झाला असता. लाल धुके आणि वीज ही भूकंपाची चिन्हे असे स्थानिक लोक सांगतच होते. हम्बोल्टने लोकांच्या समजुती टिपल्या, आपले आकडेही टिपले आणि निष्कर्ष लांबणीवर टाकला. पुढे कीटोच्या पठारावर आणि लिमा येथे त्याने आणखी अनेक धक्के अनुभवले आणि प्रत्येक वेळी सुई तपासली. कुमानात दिसलेला फरक पुन्हा कुठेही दिसला नाही. हे निकाल त्याने तितक्याच स्पष्टपणे छापले. एकदा जुळलेली गोष्ट नियम ठरत नाही, हा धडा त्याने घेतला आणि वाचकांनाही दिला.

ओरिनोको नदीचे खोरे, क्यूबा, बोगोटा असा प्रवास करीत जानेवारी १८०२ मध्ये तो कीटोला पोहोचला. ज्वालामुखींच्या दुतर्फा रांगांमधले हे शहर त्याची प्रयोगशाळाच बनले. पिचिंचा पर्वताच्या विवरावर पुढे झुकलेल्या एका खडकावर पालथे पडून तो आतली निळसर ज्योत न्याहाळत असतानाच खडकाला धक्के बसू लागले. सुमारे अर्ध्या तासात पंधराएक धक्के त्याने मोजले. खाली शहरात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. या परक्या माणसाने ज्वालामुखीच्या तोंडात दारू टाकल्यामुळे भूकंप होत आहेत, असे काही लोक बोलू लागले. निसर्गाच्या कोपाला जबाबदार माणूस शोधण्याची घाई सर्वकाळी सारखीच असते.

२३ जून १८०२ रोजी हम्बोल्ट, बाँप्लां आणि कीटोचा तरुण उमराव कार्लोस माँतुफार चिंबोरासो पर्वतावर चढले. जगातील सर्वांत उंच शिखर म्हणून त्या काळी चिंबोरासोचा लौकिक होता. विरळ हवेमुळे हिरड्यांतून रक्त येत होते, श्वास लागत होता. शिखरापासून काही अंतरावर एका रुंद भेगेने वाट अडवली. त्यांनी गाठलेली उंची हम्बोल्टच्या हिशेबाने सुमारे ५,९०० मीटर होती. त्यापूर्वी कोणी युरोपीय इतक्या उंचीवर पोहोचल्याची नोंद नव्हती. अँडीजमधल्या या महिन्यांनी वेर्नरची शिकवण त्याच्या मनातून पुसून टाकली. ज्वालामुखी एकेकटे नसतात, त्यांच्या लांबच लांब रांगा असतात. त्याअर्थी भूकवचातील खोल भेगांवर ते उभे असले पाहिजेत, असे त्याला वाटू लागले. गुरूबद्दलचा आदर राखूनही त्याने आपले मत बदलले.

दक्षिणेकडे उतरताना पेरूच्या डोंगराळ भागात, काहामार्काच्या अलीकडे, नतीमापकातील सुई अगदी क्षितिजसमांतर झाली. हम्बोल्ट चुंबकीय विषुववृत्तावर उभा होता. तेथून उत्तरेकडे वा दक्षिणेकडे जावे तसतसे पृथ्वीचे चुंबकीय बल वाढत जाते, हे त्याने प्रवासभर केलेल्या मोजमापांतून दाखवले. काहामार्काजवळच्या त्या ठिकाणचे बल एक मानून इतर ठिकाणचे बल सांगण्याची पद्धत कित्येक वर्षे रूढ होती. आपल्या अमेरिकाप्रवासाच्या फलितांत या निष्कर्षाला तो फार वरचे स्थान देत असे. मेक्सिकोत त्याने १७५९ साली सपाट शेतातून अचानक वर आलेल्या होरुयो ज्वालामुखीची चढाई केली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांची भेट घेऊन ऑगस्ट १८०४ मध्ये तो फ्रान्सला परतला. १८०५ च्या ऑगस्टमध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, तेव्हाही तो नेपल्सजवळ हजर होता.

यानंतरचा काळ बर्लिनचा. मे १८०६ पासून वर्षभर हम्बोल्टने तेथील एका बागेत गणिती याबो ओल्टमान्सच्या साहाय्याने चुंबकसूचीच्या दिशेची निरीक्षणे केली. रात्र-रात्र, दर अर्ध्या तासाने, दुर्बिणीतून सुईची स्थिती वाचायची आणि लिहायची. अशी सुमारे सहा हजार वाचने झाली. या दरम्यान प्रशियाचा पराभव झाला, नेपोलियनच्या फौजा बर्लिनमध्ये शिरल्या, हम्बोल्ट घराण्याच्या वाड्याचीही लूट झाली. बागेतली नोंदवही चालूच राहिली. २० डिसेंबर १८०६ च्या रात्री एरवी संथ असणारी सुई अस्वस्थपणे मागेपुढे डोलू लागली. त्याच वेळी उत्तर आकाशात ध्रुवीय प्रकाशाची आभा पसरली होती. ती मावळल्यावर सुईही शांत झाली. ढगांच्या गडगडाटाशिवाय होणाऱ्या या खळबळीला हम्बोल्टने चुंबकीय वादळ असे नाव दिले. आज अवकाशातील हवामानाचा इशारा देणाऱ्या संस्था जो शब्द वापरतात, त्याचे मूळ येथे आहे.

वादळाला नाव मिळाले, पण ते येते कोठून? पृथ्वीच्या पोटातून की बाहेरून? एका बागेतली एक सुई याचे उत्तर देऊ शकत नव्हती. निरनिराळ्या देशांतील सुया त्याच क्षणी हलतात की नाही, हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी अनेक माणसे, अनेक यंत्रे आणि एक सामायिक वेळापत्रक हवे होते. हम्बोल्टच्या पुढील अर्धशतकाचा मोठा भाग या एका प्रश्नाच्या पाठपुराव्यात गेला.

१८०७ ते १८२७ ही वीस वर्षे त्याने प्रामुख्याने पॅरिसमध्ये काढली. अमेरिकाप्रवासाचे वृत्तान्त तिसाच्या घरात ग्रंथ होऊन बाहेर पडले आणि त्यांच्या छपाईत आईकडून आलेली संपत्ती संपली. याच ग्रंथांत त्याने २६ मार्च १८१२ रोजी कराकस शहराची राखरांगोळी करणाऱ्या भूकंपाची हकिगत लिहिली. त्याच सुमारास मिसिसिपीच्या खोऱ्यात महिनोन्‌महिने धक्के बसत होते, अझोर्सजवळ समुद्रातून एक बेट वर आले होते आणि एप्रिलअखेर सेंट व्हिन्सेंट बेटावरील ज्वालामुखी फुटला. या सगळ्या घटना जमिनीखालून एकमेकींशी जोडलेल्या असाव्यात, असा तर्क हम्बोल्टने मांडला. ज्वालामुखी हे भूगर्भातील दाब मोकळा करणारे दरवाजे असून ते बंद झाले की भूकंप होतात, ही कल्पनाही त्याला पटत होती. एवढ्या विस्तृत प्रदेशाला जोडणारा हा धागा पुढील विज्ञानात टिकला नाही. ज्वालामुखींच्या रांगा भूकवचातील भेगा दाखवतात हे त्याचे निरीक्षण मात्र, दीड शतकानंतर भूपट्टांचा सिद्धान्त आला तेव्हा, नव्या अर्थाने खरे ठरले.

हिमालय पाहण्याची, अँडीजशी त्याची तुलना करण्याची तीव्र इच्छा त्याला याच काळात लागून राहिली होती. त्यासाठी तो फारसी शिकला. लंडनला पुन्हा पुन्हा जाऊन त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे हिंदुस्थानात प्रवासाची परवानगी मागितली. ती कधीच मिळाली नाही. स्पॅनिश वसाहतींतील गुलामगिरी आणि मूळ रहिवाशांची पिळवणूक यांवर त्याने कठोर शब्दांत लिहिले होते. असा पाहुणा कंपनी सरकारला आपल्या मुलखात नको असणे स्वाभाविक होते.

पैशाची चणचण आणि राजाचा आग्रह यांमुळे १८२७ मध्ये तो बर्लिनला परतला आणि दरबारी नोकरीत बांधला गेला. त्या हिवाळ्यात त्याने दिलेल्या विश्वविषयक व्याख्यानांना राजघराण्यापासून कारागिरांपर्यंत सर्व थरांतले लोक गर्दी करीत. १८२८ मध्ये संगीतकार फेलिक्स मेंडेल्सझोनच्या वडिलांच्या बागेत त्याने चुंबकीय निरीक्षणांसाठी एक लहानसे घर बांधले. सुईवर परिणाम होऊ नये म्हणून त्यात लोखंड वापरले नव्हते. पॅरिसमध्ये आरागो आणि फ्रायबर्गच्या खाणीत जमिनीच्या पोटात बसलेला निरीक्षक, असे सगळे एकाच वेळी वाचने घेत. त्याच वर्षी गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस हम्बोल्टच्या घरी पाहुणा म्हणून राहिला. काही वर्षांतच गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी ग्यॉटिंगेन येथे चुंबकीय निरीक्षकांचा संघ उभा केला आणि युरोपभरच्या वेधशाळा ठरलेल्या दिवशी दर पाच मिनिटांनी एकत्र वाचने घेऊ लागल्या.

१८२९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, हम्बोल्टला रशियाच्या झारने उरल आणि सैबेरियाच्या प्रवासासाठी बोलावले. तेथील समाजस्थितीवर भाष्य करायचे नाही, ही अट पाळून त्याने १५ हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि रशियाच्या अकादमीला चुंबकीय ठाण्यांची मालिका उभारायला उद्युक्त केले. ही ठाणी पुढे थेट पेकिंगपर्यंत पोहोचली. पृथ्वीचा उरलेला मोठा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता. एप्रिल १८३६ मध्ये हम्बोल्टने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना एक सविस्तर पत्र लिहून साम्राज्याच्या दूरदूरच्या भागांत कायमस्वरूपी चुंबकीय वेधशाळा काढण्याची विनंती केली. एडवर्ड सॅबीन आणि इतर इंग्रज शास्त्रज्ञ त्यासाठी आधीपासूनच खटपट करीत होते. या पत्राने त्यांच्या मागणीला वजन आले. टोरांटो, सेंट हेलेना, केप आणि टास्मानिया येथे ठाणी उभी राहिली. हिंदुस्थानातील ठाण्यांचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. ज्या कंपनीने हम्बोल्टला हिंदुस्थानात पाऊल ठेवू दिले नाही, तिलाच त्याच्या योजनेसाठी पदरचे पैसे घालावे लागले.

या ठाण्यांपैकी एक मुंबईतील कुलाब्याचे. १८२६ साली स्थापन झालेल्या या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजमापे सुरू झाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार यांच्याकडे सुरुवातीला तिची सूत्रे होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची जबाबदारी सांभाळली. पुढे गणिती म्हणून आणि लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ख्याती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी अगदी तरुण वयात येथेच नोकरी धरली होती. बर्लिनच्या बागेत सुरू झालेली नोंदवही अशा रीतीने मराठी माणसांच्या हाती आली.

दरम्यान सूर्याच्या बाजूनेही एक उत्तर तयार होत होते. डेसाउ गावातील औषधविक्रेता हाइनरिश श्वाबे १८२६ पासून निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी सौरडाग मोजत आला होता. डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते, असे त्याने १८४४ मध्ये जाहीर केले. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हम्बोल्टने ‘कॉसमॉस’ या आपल्या महाग्रंथाच्या तिसऱ्या खंडात १८५० पर्यंतचा तो तक्ता छापला. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सॅबीनची पत्नी एलिझाबेथ करीत होती. सॅबीनच्या हाताशी टोरांटो आणि टास्मानिया येथील चुंबकीय वादळांचे आकडे होते. दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी ठेवताच उत्तर समोर आले. सौरडाग वाढले की पृथ्वीवरील चुंबकीय वादळेही वाढत होती. १८५२ मध्ये सॅबीनने हे जाहीर केले. १८०६ च्या त्या रात्री बर्लिनमधील सुई कशामुळे थरथरली, याचा माग अखेर सूर्यापर्यंत लागला.

हम्बोल्ट तेव्हा ऐंशी ओलांडून गेला होता. उतारवयातही तो रात्री उशिरापर्यंत लिहीत असे आणि जगभरातून येणाऱ्या पत्रांच्या ढिगाऱ्याला उत्तरे देत असे. तरुण संशोधकांसाठी तो कर्ज काढूनही खटपट करी. त्याच्याच शिफारशीने श्लागिन्ट्वाइट बंधू १८५४ मध्ये कंपनीच्या नोकरीत चुंबकीय पाहणीसाठी मुंबईत उतरले आणि हम्बोल्टला जो हिमालय पाहता आला नाही तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी अडोल्फला १८५७ मध्ये काशगर येथे ठार मारण्यात आले. १८५८ मध्ये ‘कॉसमॉस’चा चौथा खंड निघाला. भूचुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश, भूकंप आणि ज्वालामुखी हे सारे विषय या एकाच खंडात आहेत. चारशेहून अधिक ज्वालामुखींची मोजदादही त्यात आहे. विषय एकत्र आले, तरी प्रत्येकाचे आकडे स्वतंत्र मांडलेले आहेत. सूर्य आणि चुंबकसूची यांचा संबंध दोन खंडांतील नोंदींनी सिद्ध केला होता. भूकंप आणि चुंबकसूची यांच्याबाबत तसा पुरावा मिळाला नव्हता. हा फरक हम्बोल्टने कधी पुसट होऊ दिला नाही.

६ मे १८५९ रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. ‘कॉसमॉस’चा पाचवा खंड अपुराच राहिला होता. त्याची अंत्ययात्रा राजकीय इतमामाने निघाली आणि हजारो लोक तीत सामील झाले.

त्यानंतर चार महिन्यांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, इंग्लंडमध्ये सौरडागांचे चित्र काढीत असलेल्या रिचर्ड कॅरिंग्टनला सूर्यबिंबावर काही मिनिटे टिकणारा प्रखर प्रकाश दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर इतिहासातील एक सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ आदळले. तारायंत्रे बंद पडली, तार खात्यातील काही कर्मचाऱ्यांना विजेचे झटके बसले, उष्ण कटिबंधाच्या आसपासही ध्रुवीय प्रकाश दिसला. अनेक वेधशाळांतील नोंदी मापनपट्टीबाहेर गेल्या. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र सुईवरची नजर हटवली नाही. डोळ्यांनी वाचून आणि हाताने लिहून त्यांनी या वादळाचा उतार टिपून ठेवला. ती वाचने तब्बल १४४ वर्षे कागदात राहिली. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी अमेरिका आणि ब्राझीलमधील सहकाऱ्यांसह २००३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईतील चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या दिवशी सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला होता. या घसरणीचा नेमका अर्थ काय लावायचा यावर शास्त्रज्ञांत चर्चा आहे. पण कॅरिंग्टन वादळाच्या जोराचा अंदाज घेताना आजही कुलाब्याच्या नोंदीकडे वळावे लागते.

हम्बोल्ट गेला त्याच वर्षी जन्मलेले नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत चुंबकमापकांच्या जोडीला मिल्न पद्धतीचे भूकंपमापकही काम करू लागले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने सुया बिघडणार, हे ओळखून त्यांनी चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेतली, म्हणून १८४६ पासूनची मालिका तुटली नाही.

सौरवादळाने आता केवळ तारायंत्रे बंद पडत नाहीत. मार्च १९८९ मधील वादळाने कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालवली. मे २०२४ मधील वादळात लडाखच्या हान्ले येथून आकाश तांबडे झालेले दिसले. भारताचे ‘आदित्य एल-१’ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याचे निरीक्षण करीत आहे. सूर्यावरून निघालेल्या वादळाची वर्दी काही तास वा काही दिवस आधी मिळू शकते. अनेक ज्वालामुखींबाबतही धक्के, जमिनीचा फुगवटा आणि वायूंचे प्रमाण पाहून सावध करता येते. भूकंपाचा दिवस आणि वेळ मात्र कोणालाही सांगता येत नाही. कोयनेला १९६७ मध्ये आणि किल्लारीला १९९३ मध्ये महाराष्ट्राने याची जबर किंमत मोजली आहे.

त्यामुळेच सौरडाग वाढले की भूकंप होणार, अमुक ग्रहयोगात जमीन हादरणार, अशी भाकिते मूळ धरतात आणि भूकंपाने पोळलेल्या गावांतील लोक रात्री घराबाहेर काढतात. असा संबंध शोधण्याचे प्रयत्न गंभीर शास्त्रज्ञांनीही केले आहेत. भाकिताला उपयोगी पडेल असा पुरावा अद्याप हाती आलेला नाही. सूर्य आणि भूगर्भ यांवर एकत्र लक्ष ठेवायचे, पण जोडणारी रेषा आकड्यांनी सिद्ध होईपर्यंत ओढायची नाही, ही शिस्त कुमानाच्या हादरलेल्या घरांमध्ये यंत्रे तपासणाऱ्या तिशीतील एका तरुणाने घालून दिली. अलिबागच्या वेधशाळेत त्या शिस्तीची नोंद अजूनही रोज होत असते.